ब तुकडीचा निकाल

ता. २२ एप्रिल

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींनाही सांग, आणि त्यांच्या गुडघ्याची मी वेगळी चौकशी केली आहे म्हणावं. मी ठीक. सर्दी आहे, पण ती आता घरचीच झाली. घरमालकिणीने जिन्याला पिवळा रंग दिलाय, इतका भडक की वर येताना डोळे मिटून घ्यावेसे वाटतात.

फोन का नाही केला, म्हणशील. केला होता. तू उचलायच्या आत ठेवून दिला. काल शिक्षण मंडळाची बैठक झाली आणि तू निकालाकडे डोळे लावून बसली आहेस, हे मला माहीत नाही का? सांगते. पण मला क्रमाने सांगू दे. तू मला 'मोजणी कारकून' म्हणतेस ना, मग कारकुनाला त्याच्या चालीने चालू दे.

मंडळासाठी अहवालाच्या पहिल्याच पानावर तुझी पद्धत लिहायची होती. मी लिहिलं: मुलाचं उत्तर चुकलं तर कुणीही 'चूक' म्हणायचं नाही. दुसऱ्या मुलाने आधी 'तुझं काय झालं ते मी सांगू?' असं विचारून त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते ओळखून सांगायचं. चुकणारा 'हो, असंच' म्हणाला, की मगच आपलं उत्तर मांडायचं. संपलं. तुझी अख्खी नोकरी तीन-चार वाक्यांत बसवली म्हणून रागावू नकोस, तिथे जागाच तेवढी होती.

आता माझा शहाणपणा ऐक. माझे वरिष्ठ, सर, म्हणत होते, दोन वेगळ्या शाळा घ्या. मी म्हटलं, छे, एकाच शाळेतल्या पाचवीच्या दोन तुकड्या घेते, म्हणजे मुलं एकाच वस्तीतली, घरची परिस्थिती सारखी, तुलना कशी चोख होईल! अ तुकडीला तू तयार केलेली ती तरुण शिक्षिका, तुझ्या पद्धतीने. ब तुकडीला नेहमीच्याच बाई, नेहमीच्याच पद्धतीने. या बाईंना मुलं पाठीमागे 'सायलेन्स' म्हणतात, कारण दिवसभरात तोच शब्द त्यांच्या तोंडून सर्वांत जास्त येतो. माणूस वाईट नाही. फक्त वर्गात टाचणी पडली तरी त्यांना ऐकू यायला हवी.

सहामाही चाचणीत अ तुकडी एवढी पुढे होती की मी खुर्चीतून उडालेच. तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण मधला निकाल बाहेर फोडायचा नसतो, आणि त्यावरून तू माझ्याशी पंधरवडाभर अबोला धरलास. आठवतंय ना? आणि मग शेवटची चाचणी. ताई, दोन्ही तुकड्या सारख्या. अगदी सारख्या. ब तुकडी मागून धावत येऊन अ च्या शेजारी उभी राहिली होती. मी तीनदा गुण तपासले. फरक दिसला नाही तर मंडळ ही पद्धत पुढे नेणार नाही, तुझ्या शाळेतूनही परवानगी काढून घेणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

म्हणून मी ब तुकडीत जाऊन मागच्या बाकावर बसले. काय चुकलं ते शोधायला.

फळ्यावर बेरीज होती, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. 'टिकटिक' नावाची एक मुलगी आहे, सतत पेनाचं बटण दाबते म्हणून. तिने उत्तर लिहिलं, दोन पंचमांश. तेवढ्यात बाईंना कार्यालयातून बोलावणं आलं. जाताना दारात त्यांचा तो शब्द टाकून गेल्या. आता हसतील पोरं, असं मला वाटलं. कुणी हसलं नाही. एक गोल चेहऱ्याचा मुलगा उठला, त्याला सगळे 'ढब्बू' म्हणतात. तो म्हणाला, "थांब, तुझं काय झालं ते मी सांगू?"

ताई, शब्द तुझे होते! ज्या वर्गात ते कधी पोहोचायलाच नको होते, त्या वर्गात.

तो म्हणाला, "वरचे वर मिळवलेस, खालचे खाली." टिकटिक म्हणाली, "नाही, असं नाही." तो पुन्हा विचारात पडला. सगळा वर्ग विचारात पडला, अगदी गप्प. मग खिडकीजवळची एक बारकी मुलगी म्हणाली, "चेंडू टोपलीत टाकतो तसं का गं? आधी दोनदा टाकला, एकदा पडला. मग तीनदा टाकला, एकदा पडला. मिळून पाचदा टाकला, दोनदा पडला." टिकटिक जागच्या जागी उडी मारून ओरडली, "हो, असंच! अगदी असंच!"

मी पेन खाली ठेवलं. मी असल्या उत्तराला गेली कित्येक वर्षं एकच खूण करते, 'चूक, प्रकार तीन', आणि पान उलटते. त्या चुकीच्या आत एवढा सरळ विचार बसलेला असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि खरंच, चेंडूंसाठी तो बरोबरच आहे की!

आता ढब्बूला बोलायची परवानगी मिळाली. तो एवढंच म्हणाला, "पण अर्धी भाकरी तुझ्याकडे आधीच होती. वर आणखी मिळाली. आणि आता तुझ्याकडे अर्ध्यापेक्षा कमी आहे." टिकटिक फळ्याकडे बघत राहिली. पेनाची टिकटिक थांबली. "अगं बाई," ती म्हणाली, "मिळवल्यावर कमी कसं झालं?" आणि तिने स्वतःच पुसलं. कुणी सांगितलं नाही, ताई. स्वतःहून पुसलं, आणि दोन भाकऱ्या काढून त्यांचे सहा-सहा तुकडे करायला लागली.

मला रडू आलं. मागच्या बाकावर, एवढी थोरली बाई, रुमाल शोधत बसले.

मधल्या सुट्टीत ढब्बूला गाठलं. हे कुठून शिकलात रे? तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत म्हणाला, "अ वाल्यांकडून. मैदानात." खेळताना भांडण झालं, बाद की नाबाद, की अ तुकडीची मुलं म्हणायची, आधी समोरच्याला काय दिसलं ते सांगा, मग आपलं. "तसं नाही बोललं तर ते खेळायलाच घेत नाहीत," ढब्बू म्हणाला. बिचारी ब तुकडी! खेळासाठी शिकली, आणि मग ते वर्गात घेऊन गेली, बाईंची पाठ वळली की.

मी पायरीवर बसून राहिले. समोर धूळ उडत होती, दोघं जण हातवारे करत एकमेकांची बाजू मांडत होते, स्वतःची नाही, समोरच्याची! आपण कागदावर तुकड्या आखतो, अ आणि ब, मधे रेघ मारतो, आणि ही पोरं चेंडूमागे धावता धावता ती रेघ पार करतात. एवढं मोठं काही मी माझ्या कामात कधी पाहिलं नव्हतं. देवळात जाऊनही मला असं कधी झालं नाही.

जरा थांबते. दूध उतू गेलं.

हं. तर आता ते.

मी सगळं सरांना सांगितलं. सर हसले, मग गंभीर झाले. म्हणाले, प्रयोग नासला. ब तुकडी तुलनेची राहिलीच नाही. पण शेवटची चाचणी गाळा, सहामाहीवर अहवाल द्या, कुणी विचारणार नाही, पद्धत मंजूर होऊन जाईल. सरांचं हे म्हणणं तेवढं मी तुला बैठकीआधीच्या रविवारी फोनवर सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "तुला योग्य वाटेल ते कर." आणि लगेच भाऊजींच्या औषधाचं बोलायला लागलीस.

ताई, मी गाळली नाही. दोन्ही चाचण्या दिल्या, मैदानातलंही सांगितलं, टिकटिकची बेरीज सांगितली. काही जण पुढे सरकून ऐकत होते. अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे सिद्ध काय झालं?" मी म्हटलं, "माझ्या आकड्यांनी काहीच नाही." त्यांनी नोंद केली. जूनपासून तुझ्या शाळेतही परवानगी नाही. तुझ्या निवृत्तीच्या वर्षात. तुझी पद्धत मी बंद पाडली. हे एक वाक्य लिहायला मला एवढी पानं लागली.

बैठकीला सायलेन्स बाईही होत्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "बंद करा म्हणाले ते अ तुकडीला. माझ्याकडे तर जुनीच पद्धत आहे, मंडळाच्या कागदावर तसंच आहे. सुरूच नव्हती ती बंद कशी करायची?" मी विचारलं, "म्हणजे बाई, तुम्हाला ठाऊक होतं?" तर म्हणाल्या, "मला टाचणी पडलेली ऐकू येते. मी कार्यालयात जाते म्हणून सांगते आणि दाराबाहेर उभी राहते." एवढं बोलून ताडताड निघून गेल्या.

हे तुला औषध म्हणून सांगत नाही. तुझं दुखणं याने जायचं नाही, ते मला कळतं.

आता तुझं काय झालं असेल ते मी सांगू? तुला वाटलं असेल, सख्खी बहीण, आयुष्यात एकदा माझ्या बाजूने उभी राहिली असती तर आभाळ कोसळलं असतं का? खोटं बोल असं मी म्हटलंच नव्हतं, फक्त एक कागद कमी द्यायचा होता. आणि मोजणाऱ्यांना काय, ते मोजून घरी जातात, वर्गातून रिकाम्या हाताने बाहेर पडायचं ते मला. आणि सर्वांत जास्त हे लागलं असेल, की तिने डोळ्यांनी पाहिलं, तिला पटलं, आणि तरीही तिने हे केलं.

असंच ना? की आणखी काही आहे, जे मला अजून दिसलं नाही? असेल तर लिही, मी पुन्हा सांगून बघेन. जमेपर्यंत सांगेन. माझं म्हणणंही आहे, पण ते मांडायची परवानगी अजून मला मिळालेली नाही.

तुझ्या उत्तराची वाट पाहत, तोवर गप्प,

तुझीच
धाकटी