उदगीर जिल्ह्याचा फिश टँक

३ फेब्रुवारी २०१६, बुधवार. सकाळी ७
आजपासून रोज लिहायचं. माणसाला शिस्त हवी. कमल (मिसेस) रिकाम्या घागरी घेऊन नळापाशी बसली आहे. नळ अठराव्या दिवशी येतो. आज एकोणिसावा.

टँकची स्थिती उत्तम. लांबी तीन फूट, पाणी नऊ घागरी, मासे अकरा, झाडं चार जातींची. नुसत्या माशांचे टँक गावात असतील, पण आतून हिरवागार, जिवंत झाडांचा टँक अख्ख्या उदगीरमध्ये माझाच. करीमच्या दुकानातसुद्धा असा नाही, आणि त्याचं तर दुकानच माशांचं आहे.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरचे किशनराव खात्रीने सांगतात की एक मेला उदगीर जिल्हा जाहीर होणार. जिल्हा म्हणजे कलेक्टर, कलेक्टर म्हणजे नवीन ऑफिस, ऑफिस म्हणजे व्हिजिटर्सची बसायची खोली. बाकीचे तालुक्याचे कर्मचारी शाल-श्रीफळ घेऊन जातील. मी टँक देणार. आस्थापना शाखेला हेडक्लार्क कोण नेमावा, हे साहेबांना त्या टँकसमोर उभं राहूनच सुचेल. सव्वीस वर्षं आवक-जावक बघितलं, आता पुरे.

संकल्प: दर रविवारी दोन घागरी पाणी बदलणे.

५ फेब्रुवारी, शुक्रवार
नळ आला. पंचवीस मिनिटं. कमलने भरलेल्या घागरींना खडूने नंबर घातले. एक ते सहा पिण्याच्या.

७ फेब्रुवारी, रविवार
संकल्पाप्रमाणे पाणी बदललं. पाच आणि सहा नंबर. कमल काही बोलली नाही. म्हणजे तिला मान्य आहे.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार
लिंगपूजेचं पाणी आधी दारातल्या जास्वंदीला जायचं. जास्वंद वाळली. ते पाणी पायदळी तर टाकता येत नाही. म्हणून पंधरा दिवसांपासून ते टँकमध्ये ओततो, भस्मासकट. शेवटी झाडंच ती. आणि काय जोर धरलाय झाडांनी! करीम आज येऊन गेला. म्हणाला की मन्मथसाब, खाद कौनसी डाल रहे, इतनी भाजी तर आमच्या मामूच्या मळ्यात पण न्हाई. मी सांगितलं नाही. प्रत्येक धंद्यात काही गोष्टी झाकून ठेवाव्या लागतात.

२१ फेब्रुवारी, रविवार
कमल आज सकाळच्या एसटीने माहेरी गेली. देवणीला, भावाकडे. कारण पाणीटंचाई.

तपशील लिहून ठेवतो. काल संध्याकाळी पिण्याची शेवटची घागर टँकमध्ये गेली, कारण पानं पिवळी पडत होती आणि आज रविवार उजाडायची वाट बघणं योग्य नव्हतं. कमल शेजारच्या गुणाबाईंकडे तांब्याभर पाणी मागायला गेली आणि रिकामा तांब्या घेऊन परत आली. गुणाबाई म्हणाल्या म्हणे की आमचंच भागंना गेलंय. कमलने तांब्या पालथा घातला आणि सांगितलं की लग्न होऊन अठ्ठावीस वर्षं झाली, आजवर कुणाच्या दारात पाणी मागितलं न्हवतं. हे मला माहीत नव्हतं.

जाताना तिने एवढंच सांगितलं की ज्या दिवशी ती काचेची पेटी रिकामी कराल त्या दिवशी मी येते, तवर न्हाई. मी बरं म्हटलं. एक मेला टँक कलेक्टर ऑफिसला जाणारच आहे, म्हणजे तिची अट आपोआप पूर्ण होते. दहा आठवड्यांचा तर प्रश्न. भांडण असं काही झालं नाही.

१ मार्च, मंगळवार
एकट्याचं व्यवस्थित चाललं आहे. दुपारी खानावळ, रात्री दूध-पोहे. पाणी कमी लागतं.

झाडं पाण्याच्या वर टेकली. लांब पातीचं जे गवतासारखं झाड आहे, ते वर येऊन आडवं पसरलं. खालच्या बुटक्या झाडांना उजेड मिळत नाही, असं करीमचं म्हणणं. त्याने कार्यपद्धती सांगितली: आज तिसरा हिस्सा छाटा, पंधरा दिवसांनी परत तिसरा, आणि छाटलेला एक तुकडा आत ठेवू नका, लगेच पाणी बदला. छाटा म्हणे! गावात दुसरं हिरवं काही उरलेलं नाही. कडुनिंबसुद्धा राखाडी दिसतो. अशा साली वाढ होत असेल तर होऊ द्यावी. लोक बघायला येतील.

आज कुणी आलं नाही.

७ मार्च, सोमवार. महाशिवरात्र
उपवास. कमलला फोन केला. तिने विचारलं की रिकामी केली का. मी म्हटलं वाढ फार छान आहे. ती बरं म्हणाली. मग फोन कट झाला. देवणीला रेंजचा प्रॉब्लेम आहे.

१६ मार्च, बुधवार. सकाळी ६.३०
मासे मोजले. सात. बाकीचे झाडीत असणार.

सकाळी उठलो की सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून रांगेत उभे असतात, तोंड उघड-मीट करत. माझी चाहूल लागते त्यांना. घरात कुणीतरी वाट बघतं, बरं वाटतं.

१८ मार्च, शुक्रवार
करीमला हे सांगितलं तर तो हसला नाही. म्हणाला की साब, वाट न्हाई बघून राहिले, घुसमटून राहिले. अंधारात झाडं पण हवा पितात, इतकी दाटी झाल्यावर माशांना काय उरणार. छाटा जल्दी. त्याने एक हवेचा पंपही दाखवला. करीम माणूस चांगला आहे, पण शेवटी दुकानदार.

८ एप्रिल, शुक्रवार. पाडवा
गुढी उभारली नाही. गुढीचं वस्त्र कुठे असतं ते कमललाच माहीत. फोन करून विचारता आलं असतं. तेवढ्यासाठी कशाला.

नववर्षाचा संकल्प: छाटणी. सविस्तर प्लॅन वहीच्या मागच्या पानावर केला. तीन टप्पे, तारखांसह. पहिला टप्पा परवा.

१० एप्रिल, रविवार
ऊन फार. पहिला टप्पा पुढच्या रविवारी.

१३ एप्रिल, बुधवार
लातूरला रेल्वेने पाणी आलं. ऑफिसात दिवसभर तेच. किशनराव म्हणाले की आता जिल्ह्याचं कोण बोलतंय, समदे पाण्याचंच बोलून राहिले. मी म्हटलं, फाइल वरच्या टेबलावर असेल, तिचं तिचं चालू असतं. सव्वीस वर्षं फायली बघतोय मी.

१७ एप्रिल, रविवार
छाटणी पूर्ण. तिन्ही टप्पे एकाच बैठकीत उरकले. एक मेला दोनच आठवडे राहिलेत, तिथे तिसऱ्या हिश्शाचे लाड परवडणार नाहीत. कमलच्या शिलाई मशीनची कात्री वापरली. सकाळी नऊला बसलो, एकला उठलो. एक गोणी भरली, वर बादलीभर. आतले बारीक तुकडे तसेच राहिले. ते आपोआप खाली बसतील. पाणी बदलायचं होतं, पण टँकर गुरुवारी.

टँक जरा बोडका दिसतो. मासे पाच, आता स्पष्ट मोजता येतात. हाही एक फायदाच.

प्रश्न गोणीचा. या साली हिरवं उकिरड्यावर टाकायचं म्हणजे पाप. तेवढ्यात सुचलं. कमलचा भाऊ बसवराज चारा छावणीवर आहे, दोन बैल आणि एक गाय घेऊन. अस्सल देवणी गाय, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. छावणीत कोरडी वैरण आणि उसाचं वाढं, बस्स. महिन्यात तिने हिरवं पातं बघितलं नसेल. मी स्वतः घेऊन जाणार. कमल बघेल की ज्या टँकवर ती रुसली, त्यातूनच तिच्या माहेरच्या गाईच्या तोंडी घास गेला. यानंतर बोलायला काही शिल्लक राहत नाही.

१८ एप्रिल, सोमवार. सायंकाळी
अर्ध्या दिवसाची रजा टाकून देवणी दौरा.

गोणी ओली. एसटीत मधल्या वाटेवर पाणी गळत होतं. कंडक्टर ओरडला नाही. सगळी बस त्या पाण्याकडे बघत होती. एका म्हातारीने गोणीखाली हात धरला आणि ओला हात तोंडावरून फिरवला. वासाबद्दल कुणी तक्रार केली नाही.

छावणीवर बसवराज म्हणाला की दाजी, हे काय आणलंव? मी म्हटलं, हिरवा चारा. गाईने हुंगलं. मान मागे घेतली. मी मूठभर पुढे धरलं, तिने तोंड फिरवलं आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. बैलांनी हुंगलंसुद्धा नाही. पंधरा-वीस माणसं जमली. एकजण म्हणाला की तळ्यातला गाळ हाय काय हो. मी त्यांना झाडाचं नाव सांगितलं.

कमल तिथेच होती. छावणीवर मुक्कामाला असलेल्या माणसांसाठी चुली मांडल्या आहेत, तिथे ती भाकरी करते. दोन वेळच्या चाळीस माणसांच्या. हे मला कुणी कळवलेलं नव्हतं. तिने पिठाचा हात पुसला, जवळ आली, गोणीत बघितलं. एवढंच विचारलं की ह्याला किती पाणी लागलं असंल. मी म्हटलं, मूळ नऊ घागरी, अधिक दर आठवड्याच्या दोन. ती परत जाऊन भाकरी थापायला बसली.

एकूण भेट समाधानकारक. बोलणं सुरू झालं हे महत्त्वाचं.

२२ एप्रिल, शुक्रवार
टँकर काल आला नाही. मासे तीन. पाणी पिवळसर, तळाचे तुकडे कुजत आहेत. पुढचा टँकर आला की सगळं पाणी एकदम बदलणार.

२५ एप्रिल, सोमवार
मासा एक. करीम आला, काचेला नाक लावून बराच वेळ बघत बसला. म्हणाला की साब, एक दिन में सब काट दिया? मी म्हटलं वेळ कमी होता. तो म्हणाला की ह्याला मी घेऊन जाऊ का. मी म्हटलं, नाही, एक मे होऊ दे.

२६ एप्रिल, मंगळवार
शून्य. टँक आता मेन्टेनन्सला सोपा.

१ मे, रविवार
ध्वजवंदन. साहेबांचं भाषण दुष्काळावर. जिल्हा जाहीर झाला नाही. किशनराव म्हणाले की पंधरा ऑगस्टला नक्की. मी घरी आलो. उदबत्त्या लावल्या, पण वास जात नाही. दुपारभर टँकसमोर खुर्ची टाकून बसलो. काही वाटत नव्हतं. पाण्याला जेवढं वाटत असेल तेवढंच.

३ मे, मंगळवार
टँक रिकामा केला. गुणाबाई कुंपणापाशी येऊन विचारून गेल्या की ते पाणी संडासात ओतायला देता का. दिलं. नऊच्या नऊ घागरी त्यांनी स्वतः नेल्या, जाताना म्हणाल्या की कमलताईला सांगा हं. टँक करीमकडे पोचवला. हॉलमध्ये भिंतीवर तीन फुटांचा पांढरा पट्टा राहिला आहे.

कमलची अट आज रोजी पूर्ण झाली. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नाही. सोमवारी बसवजयंती आहे, रजा टाकून स्वतः जाऊन घेऊन येणार. येताना दोन सीट एकत्र मिळतील का, ते स्टँडवर विचारून ठेवलं.

८ मे, रविवार
घर झाडलं. भांडी घासली. नळ आला, मी एकट्याने चौदा घागरी भरल्या आणि सगळ्यांवर खडूने नंबर घातले. एक ते चौदा पिण्याच्या.

९ मे, सोमवार. रात्री ८
देवणीला जाऊन आलो.

कमल चुलीपाशी होती. मी म्हटलं टँक रिकामा केला, करीमला देऊनसुद्धा टाकला. ती म्हणाली की बरं केलं. तव्यावरची भाकरी उलटली, पुरी भाजून घेतली, मग उठली. बसवराजच्या खोपीत मला बाजेवर बसवलं. बाजेवर आधी चादर टाकली. मग वाटीत गूळ आणि फुलपात्र भरून पाणी आणून माझ्यासमोर धरलं, आणि मी पिईपर्यंत पदर सावरून बाजूला उभी राहिली. गूळ-पाणी घरच्या माणसाला देत नाहीत.

मी म्हटलं पिशवी भर, निघू. ती म्हणाली की पाऊस पडंस्तोवर छावणी हाय, चाळीस माणसं जेवायची हायत. मी विचारलं, पावसानंतर? ती म्हणाली की बघू. आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर मला काही बोलता आलं असतं. भरलेल्या चौदा घागरींचं सांगायचं होतं, ते राहिलं. तिने विचारलं की परतीची गाडी कितीची. मी म्हटलं साडेचारची. तिने बसवराजला हाक मारून सांगितलं की ह्यांना चारलाच स्टँडवर सोड, उशीर केला की जागा मिळत न्हाई.

त्याने पावणेचारलाच सोडलं. जागा मिळाली, खिडकीची. शेजारची सीट उदगीरपर्यंत रिकामी होती. वाईट वाटलं.