डिकीतली पेटी

ती. आई,
इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं.

शोरूममधली ती लांब गाडी अजून जागची हललेली नाही. शर्यतीच्या गाडीसारखी पळते, मागे अख्खं बिऱ्हाड मावतं, पण गिऱ्हाईक नाही. लोक तोंडभर कौतुक करतात आणि शेजारची उंच गाडी घेऊन जातात. साहेब म्हणतात, "आधी ही खपव, मग रजा घे."

डिकी केवढी आहे ते दाखवायला मी तिच्यात माझीच पेटी ठेवतो. काल एका बाईंनी ती उचलून पाहिली. "अहो, ही तर भरलेली आहे!" मी हसून म्हटलं, "दाखवण्यापुरती."

बाबांचा खोकला कसा आहे? माझ्यासारखं गोड गोड लिहू नकोस.

पेटीत तुझी शाल आणि त्यांचा स्वेटर आहे, मार्चपासून.

तुझा,
थोरला