बाबांच्या वाटीतला गिलावा

धाकट्या,

बस चुकेल म्हणून उभ्या उभ्या लिहितेय. फ्रीजमधला तो राखाडी लगदा मी ओतून दिला. एक चमचा चाखला आणि बेसिनकडे धावले. मासा, केळं, बटाटा, डाळ, सगळं एकाच भांड्यात फिरवतोस? म्हणे, पोटात जाऊन एकच होतं! अरे, गवंडी असशील, पण बाबांचं तोंड म्हणजे भिंत नव्हे गिलावा थापायला. दात काढलेत त्यांचे, जीभ शाबूत आहे.

लाल भोपळा लसूण घालून भाजून ठेवलाय, तो नुसता चमच्याने चेच. अंडं फार कडक उकडू नकोस, वर लोणी आणि मिरपूड घाल. मासा वाफवून, काटे काढून, लिंबू पिळून दे. प्रत्येकाची वाटी वेगळी. आणि मिक्सरच्या झाकणाचं रबर काढून धू, खाली बुरशी आलीय. शी!

तू म्हणशील, बाबा तर रोज "छान झालंय" म्हणतात ना? मलाही तेच म्हणाले. मग तोंड पुसत हळूच म्हणाले, "त्याला काही बोलू नकोस हं, बिचारा कामावरून दमून येतो."

म्हणून ही चिठ्ठी फाडून टाक. पण ओट्यावर तुझ्यासाठी चमचाभर लगदा झाकून ठेवलाय. आधी तो खा.

ताई