खालून आवाज येत नाही तेव्हा

बॉइल हाइट्स, लॉस एंजेलिस
पुरीमच्या सणाचा दुसरा दिवस, १९३४

माझ्या बायकोचे थोरले बंधू, न्यूयॉर्कच्या सेकंड अव्हेन्यूवरच्या ज्यू नाटकमंडळ्यांतले सर्वांत जाणते प्रॉम्प्टर, आदरणीय नोखेम यांना त्यांच्या नालायक पण खुशाल मेहुण्याचा, लीपे कार्पमनचा, वाकून नमस्कार.

कंबर कशी आहे? रंगमंचाखालच्या त्या खोक्यात बावीस वर्षं वाकून बसल्यावर ती कशी असणार हे मला कळतं, तरी विचारायचं असतं. फ्रुमा वहिनींचा गुडघा? इथं सगळं ठीक. देवाची कृपा इतकी की तक्रारीला जागाच नाही, आणि त्यामुळे तुमची बहीण फार चिडचिडी झाली आहे. दारात संत्र्याचं झाड, ऐन हिवाळ्यात ऊन, आणि मासेवालीशी घासाघीस करायला जावं तर ती पहिल्याच शब्दाला भाव उतरवते. "अशा गावात माणसानं जगायचं तरी कसं?" असं झ्लाटा म्हणते. माझी तीन पत्रं तुम्हाला गेली. उत्तर येतं ते वहिनींकडून, की "ते कामात आहेत." असाल. हे चौथं निव्वळ आभार मानायला लिहितो आहे. एकोणीस तारखेला माझं तीन पानी भाषण आहे, न्यायाधीशासमोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बापाचं. ते जमलं तर सिनेमा कंपनी मला सात वर्षं ठेवणार, फसलं तर दुसरा म्हातारा आणणार. पण त्याची काळजी तुम्ही अजिबात करू नका. मला पाठ आहे.

आभार कशाचे, ते सांगतो. मी इथं सिनेमात आलो ते दाढीच्या जोरावर. पहिल्या वर्षात मी इटालियन न्हावी झालो, तुर्की पाशा झालो, रशियन सेनापती तीनदा झालो, आणि (वहिनींना सांगू नका) एकदा ख्रिस्ती बिशपसुद्धा झालो. झ्लाटानं ते आळीत लपवून ठेवलं होतं, पण मासेवालीनं तो सिनेमा पाहिला आणि तेवढ्यापुरता महिनाभर भाव चढा ठेवला. सेनापती म्हणून मी पहिल्यांदा मेलो तेव्हा मात्र शोभा झाली. छातीत गोळी लागली, पडलो, छान मेलो. मग आपल्या रीतीप्रमाणे उठलो, पुढे आलो, छातीवर हात ठेवून तीनदा वाकलो आणि परत जागेवर जाऊन मेलो. दिग्दर्शक ओरडला, "अहो, हे काय करताय?" मी म्हटलं, मेल्यावर टाळ्या पडल्या तर उठायला नको? फिलाडेल्फियात मी एका मरणाला पाच वेळा उठलोय! तो म्हणाला, "टाळ्या कोण वाजवणार, दिवे?" खरंच हो, नोखेम. इथं समोर माणूसच नसतो. कुणी भुईमूग फोडत नाही, कुणी गॅलरीतून "अरे लीपे, दाराआड बघ, तो चाकू घेऊन उभा आहे!" असं सांगत नाही. आपलं आपण बघायचं.

मग बोलकी भूमिका मिळाली. मी शिंपी, माझा मुलगा पळून गेलेला, पोलीस दारात येऊन विचारतो, मुलगा कुठे आहे? मी लगेच म्हणायचं, "तो जेवायच्या वेळेला येईल." चार शब्द. सकाळभर घोकले. पोलिसानं विचारलं, आणि बावीस वर्षांची सवय, माझे डोळे खाली गेले. तुमचं खोकं जिथं असतं तिथं. तिथं होता गालिचा. मी वाट पाहिली. तुमचा आवाज कसा येईल, तुम्ही तर न्यूयॉर्कात! तरी वाट पाहिली. हनुवटी थरथरायला लागली, डोळ्यांत पाणी आलं (घाबरून, दुसरं काय), आणि जेव्हा मला कळलं की आता कुणी म्हणून कुणी सांगणार नाही, तेव्हा ते चार शब्द आपसूक बाहेर पडले. मी मनात सामान बांधायला घेतलं. तेवढ्यात दिग्दर्शक आला, माझे दोन्ही हात धरले आणि नाक ओढत म्हणाला, की बापाचं दुःख म्हणजे काय ते मला आज समजलं.

तेव्हापासून मी थोर आहे. वर्तमानपत्रं लिहितात की कार्पमन बोलत नाही तेव्हा सर्वांत जास्त बोलतो. तरुण पोरं आरशासमोर उभी राहून जमिनीकडे बघायला शिकताहेत. मला दर चित्रात एक तसा बाप देतात, आणि कागदावर लिहिलेलं असतं, "इथे कार्पमन खाली बघतो." आता मला सांगा, हे माझं श्रेय आहे का? मी तोंडावर पावडर थापून वर उभा राहिलो, बाकी राजा असो की भिकारी, प्रत्येक शब्द तुम्ही खालून दिलात. आठवड्याला दहा खेळ, त्यात चार नवे. मी कधी एक ओळ पाठ केली नाही. केली असती, तर आज गालिच्याकडे बघितलं नसतं आणि अजून न्हावीच राहिलो असतो. म्हणून म्हणतो, या घरातला पाव, मासळी, लिंबाचा चहा, ती संत्रीसुद्धा, सगळं तुमचं आहे. मी कृतज्ञ आहे, आणि याहून जास्त काही म्हणायचं नाही.

वहिनींना नमस्कार. पाठीला गरम वीट बांधत जा.

तुमचा,
लीपे

ता. क. भाषणाबद्दल. नव्या दिग्दर्शकानं बजावलंय की यात एकदाही थांबायचं नाही, बाप धबधब्यासारखा बोलतो. पहिली दोन वाक्यं मला चोख येतात. पुढची येत नाहीत.

आणखी एक. सोबत रेल्वेचं तिकीट आहे, तुमच्या नावाचं. न्यायाधीशाच्या टेबलाला लांब पडदा आहे आणि खाली आत ऐसपैस जागा आहे, मी बसून पाहिलं. झ्लाटानं उशी शिवली आहे.

आणि शेवटचं, हे लिहिल्याशिवाय पाकीट चिकटवता येईना. तुम्ही का रागावलात ते मला ठाऊक आहे. निरोपाच्या खेळाला मी पडद्यापुढे येऊन सगळ्यांचे आभार मानले, टोपवाल्याचे, तिकीटवाल्याचे, पडदा ओढणाऱ्याचे, तुमचं नाव तेवढं घेतलं नाही. पण नोखेम, ते भाषणसुद्धा तुम्हीच खालून सांगत होतात. स्वतःचं नाव तुम्ही सांगितलंच नाहीत, आणि मी मूर्ख, जेवढं ऐकू आलं तेवढंच बोललो.