दाजींच्या मुलखात कोणत्या महिन्यात यावे?

तेलगाव, श्रावण शु. ३, शके १८३०

श्री. रा. रा. त्रिंबकराव दाजी यांसी,

मेहुणा सुंदरराव याचा शि. सा. नमस्कार वि. वि. येथील सर्व क्षेम. तुमचे क्षेम वेळेवर कळवीत जावे, म्हणजे आक्का मला छळणार नाही.

तुम्ही आष्टी सोडून त्या अर्जेंटिना मुलखात गेलात त्यास पाच वर्षे झाली. तिथे उसाच्या मळ्यावर मुकादम झालात, दोन खोल्यांचे कौलारू घर मिळाले, हे वाचून आईने गावभर साखर वाटली. आता आक्काला तुमच्याकडे पोचती करण्याचे ठरले आहे. मी स्वतः घेऊन येतो. सवाल एवढाच, की यावे कोणत्या महिन्यात? आक्का विचारते, पाऊस कधी लागतो, ज्वारी पिकते का, गोधड्या किती घ्याव्यात? तपशिलाने लिहावे. मागच्यासारखे चार ओळींत उरकलेत तर आक्का ते पत्र सोडून मलाच फाडील.

लोभ सातासमुद्रापार पोचेल इतका असू द्यावा.

आपला, सुंदरराव


मु. अर्जेंटिना, आश्विन शु. १०

चि. सुंदरराव यास अनेक आशीर्वाद.

इथले सगळेच उफराटे आहे. आपल्याकडे वैशाखवणवा, तेव्हा इथे थंडी लागते आणि पौषात अंगाची लाही होते. दुपारी सूर्य उत्तरेकडे असतो. लग्नात तुझ्या बहिणीला ध्रुव दाखवला होता, तो इथे दिसतच नाही.

ज्येष्ठापासून कार्तिकापर्यंत ऊसतोड. शंभर माणसे माझ्या हाताखाली, घरी टेकायला फुरसत नाही, तेव्हा ते सहा महिने सोडा. मार्गशीर्ष-पौषात ऊन तिला सोसणार नाही. बाकीचे विचार करून कळवितो. घर हवेशीर आहे, काळजी नसावी.

ती. सासूबाईंस नमस्कार. आठवण ठेवावी.

त्रिंबक


तेलगाव, मार्गशीर्ष व. २

दाजींस सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राने घरात शाळा भरली आहे. आक्काने भोपळ्याची पृथ्वी केली, समईचा सूर्य केला आणि भोपळ्याच्या बुडाला कुंकवाचा ठिपका लावून तिथे तुम्हाला बसवले. रोज फिरवून बघते. परवा आईने त्याच पृथ्वीची भाजी केली, तेव्हापासून दोघींचा अबोला आहे. आक्काचे नवे सवाल: संक्रांत उन्हाळ्यात येते तर तिळगूळ वितळतो का? ध्रुव नाही तर वाटसरू वाट कशी शोधतात? आणि राहिलेल्या चार महिन्यांत कोणता बरा?

ती आता माझ्याजवळ बसून अक्षरे गिरवते. तेव्हा जपून लिहावे, लवकरच मी मधला माणूस बाजूला होणार.

ममता पातळ होऊ देऊ नये.

सुंदरराव


मु. अर्जेंटिना, माघ शु. १

चि. सुंदरराव यास आशीर्वाद.

माघ-फाल्गुनात इथे मुसळधार पाऊस आणि हिवताप. चैत्रात वाटा वाहून गेलेल्या असतात. वैशाखात तोडीची तयारी आणि घराची डागडुजी. सबब यंदा न आलेले बरे. पुढच्या साली पाहू. तिला म्हणावे, वाटसरू दक्षिणेला चार ताऱ्यांची एक खूण आहे, ती बघून चालतात.

कळावे, लोभ असो.

त्रिंबक


तेलगाव, चैत्र शु. ५, शके १८३१

स्वामींच्या चरणी गीताचा नमस्कार.

हे माझ्या हातचं पहिलं पत्र हाय, चुका पोटात घाला.

तुमची पत्रं पुढं घेऊन भिंतीवर बारा रेघा ओढल्या. तुमी नको म्हटलेला महिना पुसत गेले. बाराच्या बारा पुसल्या गेल्या. अशा मुलखात माणसं राहतात तरी कशी? का फक्त माझ्यासाठीच हवा वाईट हाय? कशापायी, ते तुमी लिहीत न्हाई.

पण यंदा श्रावण अधिक हाय. तो तेरावा महिना तुमी पुसायचा विसरलात. तुमी गेल्यापासून दोन धोंड्याचे महिने झाले, दोन्ही बारी आईनं जावयाचं वाण ताटात मांडून झाकून ठेवलं. यंदाचे तेहतीस अनारसे मी घेऊन येते. ज्येष्ठ सरता सरता मुंबईत जहाजावर चढू. तुमचं उत्तर आमी निघाल्यावर इथं पोचंल, म्हणून धाडू नका.

दुसरं कुणी घरात असलं तर तसं तोंडावर सांगा. मी ऐकून घेईन.

गीता


मु. अर्जेंटिना, अधिक श्रावण व. ४

ती. आईस गीताचा शि. सा. नमस्कार.

आमी सुखरूप पोचलो. गोधड्या आणल्या ते बरं झालं, सकाळी लई गारठा असतो. दुपार मात्र आपल्या माघासारखी. पानं झडलेल्या झाडांवर नुसती गुलाबी फुलं, आपल्याकडच्या पळसासारखी. हे ह्यांनी कधी लिहिलं न्हाई.

हे स्टेशनावर न्यायला आले तेव्हा अंगात दुसऱ्याचा कोट होता, बाह्या आखूड. घर कौलारू न्हाई. पत्र्याची एक खोली, त्यात पाच जण राहत होते. चौघे बिचारे आमच्यासाठी बाहेर पडवीत निजतात. दुसरं कुणी न्हाई, आई. मुकादमीबी न्हाई. ऊस तोडतात. हात बघितले आणि माझा सगळा राग गेला.

हे खाली बघून म्हणाले, "दर साली वाटायचं, घर होईल, मग बोलवीन."

मी वाण पुढं ठेवलं. त्यांनी पहिला अनारसा मला दिला, मग पडवीतल्या चौघांना बोलावलं. हे पाठ फिरवून खात होते, पण रडतात ते कळलं.

सुंदर माघारी येईल, मी इथंच राहते. हे पत्र मास्तरांकडून वाचून घे, गावाला कळलं तर कळू दे. वाटलेली साखर काय परत मागायची न्हाई. हे म्हणतात, आईंना लिही, घर बांधलं की चांगला महिना बघून बोलावू. तसं मी लिहीत न्हाई. तुला यावंसं वाटलं की ये, महिना विचारू नको.

तुझी माया माझ्या वाट्याची राखून ठेव.

गीता