बाईंनी कफनी घेतली

॥ श्री ॥

पारनेर,
ता. ६ एप्रिल १९७१

चि. सौ. गोजर हीस,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तू पाठवलेलं पुडकं पोचलं. येथील सर्व क्षेम आहे, म्हणजे मी एकटी क्षेम आहे, कारण घरात दुसरं कोणी नाही.

पुडक्यातून तो गाऊन निघाला तेव्हा मला आधी पडदाच वाटला. तुझ्या सुनेला पुण्याहून आणलेला गाऊन घट्ट झाला, म्हणून तो अक्काला धाडला, हे तू लिहिलंस म्हणून कळलं. अंगात घालून पाहिला तर दीड हात कापड जमिनीवर लोळतंय. देवापुढे दिवा लावायला निघाले तर दोनदा अडखळले. तू धाकटी, पण लहानपणी तुझीच जुनी परकर-पोलकी मी वापरली, कारण तू वाढलीस आणि मी राहिले तिथेच राहिले. साठी उलटली तरी आपलं तेच चाललं आहे.

आता चेष्टा पुरे. गेल्या वैशाखात मी हौदापाशी चक्कर येऊन पडले, ते माझा काकासाहेब अजून विसरलेला नाही. पाडव्याला आला होता. या उन्हाळ्यात पुन्हा पडलीस तर घराला कुलूप लावायचं आणि कायमचं नेवाशाला माझ्याकडे यायचं, असं त्याने माझ्याकडून वदवून घेतलं. मीही हो म्हणून बसले. पोरगा माझाच आहे, सूनही गुणाची आहे, तिथे मला काही कमी पडणार नाही हे मला कळतं. पण गोजर, सगळी नोकरी शाळेच्या घंटेवर गेली. मास्तर होते तोवर त्यांचं पथ्यपाणी होतं. आता कुठे दुपार म्हणून काही माझ्या वाट्याला आली आहे. परसात कडुलिंबाखाली बाज टाकून पडले की वर फुलोरा हलत असतो, आणि मला काहीच करायचं नसतं. हे सोडून जायचं माझ्या जिवावर येतं.

काकासाहेब माझ्या वयाला बोल लावतो. मी लुगड्याला लावते. उंच बाईला नऊवार पुरतं, मला उरतं. ते उरलेलं सगळं कमरेभोवती कोंबायचं आणि वर वैशाखाचं ऊन. पोटाला घामोळं, कमरेला वळ, श्वास म्हणून पुरता खाली उतरत नाही. पडले ती त्यामुळेच. पण हे लेकाला कसं सांगायचं? म्हणून तुला सांगते.

तुझ्या यजमानांस नमस्कार. माया आहे तशी असू दे.

तुझी,
मनकर्णा अक्का


॥ श्री ॥

अहमदनगर,
ता. १५ एप्रिल १९७१

ती. अक्कास,
गोजरचा सा. न. वि. वि. तुझं पत्र मी सुनेला वाचून दाखवलं. पडद्यापाशी आल्यावर ती इतकी हसली की पोळी तव्यावर करपली. म्हणजे आमच्या करपलेल्या पोळीचं पाप तुझ्या माथी.

अगं, गाऊन लांब आहे तर कापून घे! त्यात एवढं काय? तिथे हाजराबी आहे ना, शाळेच्या पोरांच्या चड्ड्या शिवायची ती? पण गाऊन नुसता खालून कापून भागणार नाही, खांद्यावरूनही तो उतरेल. त्यापेक्षा तुझं एखादं मऊ झालेलं पातळ तिला दे आणि तुझ्या मापाचं काहीतरी ढगळ शिवून घे. कमरेला काहीच नको. मात्र ते अंगावर घालून चव्हाट्यावर जाऊ नकोस बाई. आमच्याकडे नगरात बायका आता घरात सर्रास गाऊन घालतात, पण पारनेर म्हणजे पारनेर. जिन्नस एक आणि नावं दहा.

आता रागावणार असशील तर रागव. काकासाहेबाचं मला पटतं. गेल्या साली छबूबाई शेजारून ताक द्यायला आली म्हणून तू सापडलीस. ती आली नसती तर? मी इथे रात्रीची जागी होते की त्याच विचाराने अंगावर काटा येतो. मला एकच बहीण आहे, आणि तीही एवढीशी.

दुपारी बाहेर पडू नकोस. कांदा जवळ ठेव. आणि हसण्यावारी नेऊ नकोस. मायेचं म्हणशील तर ती माझ्याकडे माझ्या अंगासारखीच ऐसपैस आहे, काळजी नसावी.

तुझी,
गोजर


॥ श्री ॥

पारनेर,
ता. २९ एप्रिल १९७१

चि. सौ. गोजर हीस,
अनेक आशीर्वाद. तुझा सल्ला मी ऐकला. आयुष्यात पहिल्यांदाच, म्हणून तारीख नीट लिहिली आहे.

ते नारिंगी पातळ आठवतं का, मास्तरांनी बदलीच्या वेळी घेतलेलं? धुऊन धुऊन त्याचा रंग फिका झाला आणि कापड मात्र सायीसारखं मऊ झालं. ते घेऊन हाजराबीकडे गेले. तिने मला उभी केली, वळवली, पुन्हा वळवली आणि म्हणाली की बाई, तुमचं माप म्हंजी पाचवीतल्या पोरीचं हाय. मी म्हटलं, मान मात्र पेन्शनीतल्या बाईचा ठेव. मग तिला प्रश्न पडला की कमरेला चुणी नाही, पट्टा नाही, मग बेतायचं कसं? तिने आजवर असं बिनकमरेचं एकच शिवलं होतं, दर्ग्यावरच्या फकीरबाबांची कफनी. तोच बेत तिने माझ्यावर बसवला. गळा मोठा, बाह्या रुंद, घेर हवा तेवढा आणि खाली घोट्याच्या वर थांबलेलं. एका नऊवारात दोन झाले.

गोजर, पहिल्या दुपारी ते घालून मी परसात गेले आणि दारातच थांबले. आपल्या पठारावर वारा कधी नसतो? जन्मभर तो माझ्या बाहेरून वाहत होता. त्या दिवशी तो बाह्यांतून आत शिरला, पाठीवरून फिरला आणि पायापाशी निघून गेला. घामोळ्याला थंड वाटलं ते वेगळंच, पण मला माझं वजनच कळेना. बाजेवर पडले तर कापड फुगायचं, बसायचं, पुन्हा फुगायचं. डोळे मिटले की मी हौदाच्या पाण्यावर तरंगते आहे असं वाटायचं. किती वेळ गेला ते माहीत नाही. जाग आली तेव्हा अंगभर फुलोरा पडला होता, आणि आपण कुठे आहोत, कितव्या वर्षात आहोत, हे काही वेळ मला आठवलं नाही. आठवावंसंही वाटलं नाही.

आता रोज दुपारी तसंच चालतं. मधेच सगळा उजेड पिवळा होतो, झाडावर होला पक्षी घुमतो, आणि आई, मास्तर, शाळेतल्या मुली अशी माणसं मनात येऊन जातात. कोणी काही मागत नाही. चक्कर तर नाहीच, उलट भूक लागते. चव्हाट्यावर जात नाही. पण परवा छबूबाई डोकावली, तिने ह्यो झगा कुठनं आनला म्हणून विचारलं, आणि हाजराबी त्याला कफनीच म्हणते, तिचा शब्द मी कशाला बदलू म्हणून सांगून टाकलं की ही हाजराबीची कफनी आहे. ती आल्या पावली परत गेली.

मृग लागेतो मी अशीच टिकले तर काकासाहेबाला काही बोलायला जागा राहणार नाही. माझ्यासाठी तेवढं एक मागणं देवाकडे माग. लोभाचं मी मागत नाही, तो तू न मागता देतेस.

तुझी,
अक्का


॥ श्री ॥

नेवासा,
ता. ८ मे १९७१

ती. सौ. गोजरमावशीस,
काकासाहेबचा सा. न. वि. वि. पत्र गडबडीत लिहितो आहे, चूकभूल पोटात घालावी.

काल गाय बघायला घोडेगावच्या बाजारात गेलो होतो. तिथे आमच्या पारनेरच्या शेजारचे रंगनाथ, छबूबाईंचे मालक, बैल विकायला आलेले भेटले. चहा घेताना त्यांनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले की काकासायेब, वाईट वाटून घेऊ नगा, पन बाईंनी कफनी घेतली. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तर म्हणाले, व्हय, भगवी हाय, दुपारभर लिंबाखाली डोळे मिटून असत्यात, कुनाशी लई बोलत न्हाईत. आमच्या छबूला त्यांनी सोताच्या तोंडानं सांगितलं.

मावशी, कानिफनाथांच्या मुलखात कफनी घेतली म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको. आज झाडाखाली आहे, उद्या मढीला नाथांच्या समाधीपाशी जाईल आणि परवा कुठे शोधायचं? रात्रभर झोप नाही. मी तिला घर सोडायची अट घातली, म्हणून तिने घरच नव्हे, संसारच सोडला का? मी तिच्या भल्याचं बोललो होतो. शपथेवर सांगतो, मला दुसरं काही नको होतं.

माझा मित्र गहिनीनाथ याचा टेम्पो ठरवला आहे. बुधवारी जाऊन तिला आणि सामानाला घेऊन येतो. ती नाही म्हणाली तरी आणतो. आपणांस यातलं काही माहीत असल्यास ताबडतोब कळवावे, तिला मात्र काही कळवू नये. मोठ्यांना आणखी काय लिहू? पाठीवर हात असू द्यावा.

आपला,
काकासाहेब


॥ श्री ॥

नेवासा,
ता. १४ मे १९७१

ती. आईस,
काकासाहेबचा शि. सा. न. वि. वि. एक गोष्ट तुला न सांगता केली, ती आता सांगतो.

मी बुधवारी पारनेरला येऊन गेलो. रंगनाथांनी बाजारात तुझ्या कफनीची बातमी दिली आणि मी घाबरलो. निघायच्या आदल्या दिवशी मावशीचं उत्तर आलं. त्यात अर्धं हसणं होतं आणि अर्ध्यात मला गाढव म्हटलं होतं. कफनी म्हणजे हाजराबींनी शिवलेला झगा, हे कळलं. पण मनातली भीती तेवढ्याने जात नाही. शिवाय टेम्पो ठरलेला होता. मग वाटलं, कफनी असो नसो, पुन्हा पडायची वाट कशाला बघायची, तिला आणूनच टाकू. टेम्पो स्टँडवर उभा केला आणि परसाच्या बाजूने आत आलो.

तू बाजेवर निजली होतीस. आई, मी तुला दिवसा निजलेली कधी पाहिलीच नव्हती. मी उठायचो तेव्हा तू पदर खोचून उभी असायचीस आणि मी झोपायचो तेव्हाही उभीच असायचीस. तू उभ्याउभ्याच जगतेस असं मला लहानपणी वाटायचं. परवा वाऱ्याने तो झगा हलत होता आणि त्यात तू इतकी लहान दिसत होतीस की शाळेतली एखादी मुलगी दमून झोपली आहे असं वाटावं. तोंडावर हसू होतं. मला एकदम फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं. कशाचं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग परत फिरलो. स्टँडवर गहिनीनाथने विचारलं, सामान कुठंय? मी म्हटलं, सामान नाही. मग रिकामं कशाला जायचं म्हणून त्याने कुणाचे तरी कांदे भरले. कांद्याच्या पोत्यांवर बसून तुझा मुलगा नेवाशाला आला.

पाडव्याला घातलेली अट मी मागे घेतो. तुला यावंसं वाटेल तेव्हा ये, नाही वाटलं तर येऊ नकोस. पाणी मात्र वेळच्या वेळी पीत जा. माझं काही चुकलं असल्यास पदरात घे. त्या झग्याला पदर नाही, हे मला माहीत आहे, तरी घे.

तुझा,
काकासाहेब


॥ श्री ॥

पारनेर,
ता. १९ मे १९७१

चि. काकासाहेब यास,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र मिळालं. दोनदा वाचलं, आणि मग उत्तर लिहायला धीर करून बसले.

बाळ, मी निजले नव्हते.

तू येण्याच्या थोडंच आधी छबूबाईने धावत येऊन सांगितलं होतं की गहिनीनाथचा टेम्पो स्टँडवर दिसला आणि शेजारी तू होतास. मी ओळखलं. लुगडं नेसून सामानाशी बसावं म्हणून घरात गेले, निऱ्या हातात घेतल्या आणि त्या मला घालता येईनात. तशीच पुन्हा बाजेवर येऊन पडले. मग परसाचं दार वाजलं. एक चप्पल घासत चालायची तुझी खोड चौथीपासूनची आहे, मास्तर किती ओरडले तरी गेली नाही. डोळे मिटले ते तेव्हा. हसू होतं असं तू लिहितोस, ते हसू नव्हे, मी दात आवळून पडले होते.

कारण तू आई म्हणाला असतास तर मी आले असते. तू हाक मारलीस आणि मी जागची हलले नाही, असं आजवर झालेलं नाही, आणि या वयात ते मला जमलं नसतं. टेम्पोत बसून मुकाट्याने आले असते, तुझ्याकडे सुखात राहिले असते आणि मनातून वाळून गेले असते. म्हणून मी देवाजवळ एवढंच मागत होते की याने बोलू नये.

तू फार वेळ उभा होतास. लिंबाची सावली सरकली आणि माझ्या पायांवर ऊन आलं. पाय भाजत होते, पण हलवायचे कसे? तेव्हा तू वाकलास, झग्याची कड हळूच ओढलीस आणि माझे पाय झाकलेस. हे तू पत्रात लिहिलं नाहीस. तू गेल्यावर मी खूप रडले, आणि मग खरोखरच निजले.

एक गोष्ट तेवढी जिवाला लागून राहिली आहे. भर वैशाखात लेक दारी आला आणि आईने त्याला पाण्याचं विचारलं नाही. असं वैऱ्याच्या बाबतीतही कुणी करत नाही. तेव्हा मृगाची वाट न पाहता ये, सूनबाईलाही आण. आणि या खेपेला दारातूनच मोठ्याने हाक मार. मी उठेन, तुला पाणी देईन, आणि पुन्हा माझ्या बाजेवर येऊन बसेन.

तुझी,
आई