जळक्या तारेची एरियल

५ जानेवारी १९९७, पिंपरी पेंढार
रेडिओच्या एरियलसाठी तार मिळाली! मोटार रिवायंडिंगवाल्या रखमाजीनं विहिरीच्या जळक्या मोटारीतली तांब्याची तार फुकट दिली. म्हणाला, "भाऊ, आता वायरनं भाषण ठोकणार का?" ठोकणारच! मैदानाला परवानगी, कर्ण्याला परवानगी— हवा काय कुणाच्या बापाची आहे?

६ जानेवारी
हवा सरकारची आहे. हौशी रेडिओचे नियम वाचले. राजकारण नाही, धर्म नाही, धंदा नाही. वर परीक्षा, टिंब-रेघांच्या मोर्ससकट! तासभर चिडलो. मग वाटलं— दोन अनोळखी माणसं, जात विचारायची सोय नाही, फक्त विचारतात: ऐकू येतंय का? यासाठीच तर वीस वर्षं सभांमधून घसा फोडतोय. परवाना काढणारच.

२ फेब्रुवारी
करवतीच्या पात्याची मोर्स-की, जुन्या दारघंटीचा बझर. झकास वाजतो! बायको, द्रौपदा, शाळेत शिकवून आली की अर्धा तास सराव. एक दिवस ती वाजवते, मी लिहितो. दुसऱ्या दिवशी उलट. सोबत म्हणून तिचाही परीक्षेचा फॉर्म भरून टाकला.

१९ फेब्रुवारी
भांडण. तिनं वाजवलं— 'मीटिंग इज लेट'. मी लिहिलं— 'मीटिंग इज लार्ज'.
"अहो, शब्द पुरा व्हायच्या आत लिहून मोकळे!"
"अंदाज आला म्हणून—"
"अंदाज कुणी मागितलाय? तुमच्या मीटिंगा लार्ज असतील, माझी लेटच व्हती."

२७ एप्रिल
मुंबईला परीक्षा दिली. मोर्स फारच सोपं! चार शब्दांत पुढचं सगळं ध्यानात आलं. द्रौपदा घाबरलेली. "कशाबद्दल व्हतं काय की. नुसती अक्षरं उतरवली." बिचारी.

११ जुलै
द्रौपदा पास. मी मोर्समध्ये नापास.

१२ जुलै
शेजारचा जानकू दारातूनच— "लई वर्षांनी तुमाला कुणी गप केलं, राव!" हसलो. खरंच हसू आलं. पुन्हा बसणार.

१५ नोव्हेंबर १९९८
तिचा परवाना आला. जुन्या टीव्हीच्या सुट्या भागांतून जमवलेला संच जोडला. बांबूवर रखमाजीची तार. कीला हात फक्त तिचा. मी कागद-पेन्सिल घेऊन शेजारी.
नागपूरहून उत्तर आलं! त्यानं विचारलं, या नादाला कशा लागलात?
तिनं वाजवलं, मी उतरवत गेलो— 'शाळेत शिकत होते तेव्हापासून हेच करायचं होतं.'
लग्नाला एकवीस वर्षं झाली. मला माहीत नव्हतं.